चुन्यासकट सहा इंच

‘हमाल अभिमन याने नेमून दिलेल्या चार थरांऐवजी सरकीच्या पोत्यांचे पाच थर रचले, त्या जादा भाराने गोदामाचा माळा कोसळून हमाल वना मृत झाला.’ धुळ्याच्या १९८७ सालच्या चौकशी अहवालातले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पाच थर मात्र कोणीही पाहिलेले नव्हते. युक्तिवाद असा: माळ्याचे गर्डर बारा बाय सहा इंची, असे गर्डर चार थर सहज पेलतात, तरी माळा पडला, अर्थात थर पाच होते. गणित चुकत नसते, तेव्हा हमाल चुकला.

फेरतपासणीसाठी मला जळगावहून बोलावले, तोवर पडलेला गर्डर भंगारात गेला होता. उरलेले सात गर्डर विटांच्या कमानींत गाडलेले. खालची पट्टी तेवढी उघडी.

अभिमन पायरीवर एकटा बसला होता. बाकीचे हमाल पलीकडे निंबाखाली. त्यांनी त्याला ‘पाचथऱ्या’ नाव ठेवले होते. त्याच्या पाठीवर पोते चढवायला कोणी हात लावत नसे. थर किती होते, असे मी विचारले.

“चारच व्हतात, आबा. पन बठ्ठा लोक पाच सांगतस. आते माले बी पाचच दिखतस.”

मी शिडी लावून पट्टीची रुंदी मोजली. सहा इंच. मग ती खरवडली. दर दिवाळीला गोदामाला चुना लागे, भिंतींबरोबर लोखंडालाही. साठ-सत्तर दिवाळ्या पापुद्र्यापापुद्र्याने गळून पडल्या आणि आतले लोखंड पाच इंच भरले. सातही गर्डर तसेच. जुन्या कोष्टकांत या मापाची ताकद सहा इंचीपेक्षा तीन दशांशाने कमी आहे. तो माळा चार थरांनीच पडला होता.

शिडी धरून उभ्या अभिमनला मी हे सांगितले. त्याच्या केसांत चुना पडला होता. तो त्याने झटकला नाही.

“भिकुबाईले कोन सांगी?” एवढेच त्याने विचारले. भिकुबाई म्हणजे वनाची बायको. तिने त्याला ओट्यावर पाय ठेवू दिला नव्हता.

फेरजबाबाची नक्कल मी तिच्या ओट्यावर वाचून दाखवली. अभिमन गल्लीच्या तोंडाशीच थांबला. पहिल्या चौकशीत माप घेणारे उपअभियंता रुपचंद यांचे शब्द असे आहेत:

“पट्टी मी चुन्यासकट मोजली. पोती मोजली नाहीत. मी पोचलो तोवर ती हलवली होती. गर्डर चार थर पेलतो असे उत्तर आले, म्हणून पाच लिहिले. अभिमनला मी विचारले नाही. तशी गरज वाटली नाही.”