हबशी हलव्याची पाटी

पनवेलात मुबारकभाईंच्या दुकानातला हबशी हलवा म्हणजे दूध आटवून आटवून गडद तपकिरी केलेला, वर पिस्त्याचे काप. आजोबांच्या काळापासून पाटीवर तेच नाव होतं आणि त्यात काही वावगं असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गेले चार महिने मात्र युगांडाचा ओकेलो दुकानात आला, की मुबारकभाई नाव न घेता बोटानेच हलवा दाखवत.

मंगळवारी दुपारी तळोज्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी चारुताताई छापील निवेदन घेऊन आल्या.

"मुबारकभाई, हबशी म्हणजे काय हो?"

"आफ्रिकेतला माणूस. रंगावरून पडलं असेल नाव."

"बघा! आणि तुम्ही तो किलोवर विकता! आमच्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा चाललीय. आम्ही तर 'तोंड काळं कर' म्हणायचंसुद्धा सोडलंय. परवा नवऱ्याला मी नुसतं 'चालता हो' म्हटलं."

मुबारकभाईंना त्यांचं म्हणणं पटत होतं. कोपऱ्यातल्या बाकावर ओकेलो हलवाच खात बसला होता. तो फार्मसी शिकत होता. महिनाअखेर त्याला हॉस्टेल सोडायचं होतं आणि अकरा ठिकाणी जागेला नकार मिळाला होता.

चारुताताईंनी त्याच्याकडे वळून हात जोडले. "भैया, हम सबकी तरफ से सॉरी."

"किसलिए, मॅडम?"

"ताई, सॉरी राहू द्या," मुबारकभाई धीर करून म्हणाले. "तुमच्या बी विंगमधल्या फ्लॅटसाठी यानेच दोनदा अर्ज दिलाय. मालक तयार आहे, तुमची सही अडलीय. सही करा, पाटी आत्ता उतरवतो."

चारुताताईंनी चष्मा पुसला. "त्याचं काय आहे, आमच्याकडे सगळ्या फॅमिली. सणवार असतात. त्यालाच ऑकवर्ड होईल हो, बिचाऱ्याला." मग पाटीकडे पाहून म्हणाल्या, "आणि तसं पाहिलं तर जुनं नाव आहे. वारसाच म्हणायचा. घाई नको."

निवेदन पर्समध्ये गेलं. अर्धा किलो हलवा बांधून घेऊन त्या रिक्षात बसल्या.

मुबारकभाईंना हसू आवरेना. तेवढ्यात आतून त्यांची बायको दिलशाद म्हणाली, "हसताय काय? आपली वरची खोली दोन वर्षं रिकामी पडलीय."

"तिथे पाणी चढत नाही."

"काल मी फरशी कशाने धुतली मग?"

पाण्याचं कारण मुबारकभाईंनी ओकेलोलाही दिलं होतं, आणि त्याने ते मुकाट्याने मान्य केलं होतं.

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. "चलो बेटा. जिना सँकरा है, सर संभालना."

ओकेलो त्यांच्या मागोमाग चढू लागला. तिसऱ्या पायरीवर त्याने विचारलं, "चाचा, वो मॅडम सॉरी किसलिए बोली?"

मुबारकभाई कठड्याला धरून थांबले. उत्तर हिंदीत कसं द्यावं ते त्यांना सुचेना, मराठीतही सुचेना.