देवीच्या आधी ओटी

नातवाच्या पाचवीला, ऊन कलताना, गावच्या मंडळाचा अनंता ओटीवर येऊन बसला तेव्हाच गिरजाने ओळखलं, हा काही चहाला आलेला नाही. मंडळाचं म्हणे ठरलं होतं. लहानी किन्हवलीला प्रार्थनेला जाते, ख्रिस्ती झाली. तिला आता कुणी घरात घ्यायचं नाही. तिने न्हाऊ घातलेल्या पोराच्या बारशाला गाव येणार नाही. गिरजाचा नवरा कुंडलिक जमिनीकडे बघत राहिला.

गिरजाने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती घोटभर चहा घेत नसे. पण लहानी ठाकूरवाडीची सुईण. गिरजाच्या मुलाचा, आदेशचा जन्म तिच्याच हातचा. आदेशचा मुलगा शहापूरच्या दवाखान्यात झाला, तरी त्याचं न्हाऊमाखू तीच करत होती.

लहानी मागच्या दाराने आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. गिरजाने तिला नेहमीसारखं आत घेतलं. ती मोरीत पाय लांब करून बसली, बाळाला पायांवर घेऊन नीट न्हाऊ घातलं, पुसलं, त्याच्या आईकडे, प्रियांकाकडे दिलं. मग गिरजाला म्हणाली, "वयनी, सरळ सांगते. पाचवीला मी हात नाय जोडणार. पुजेतला नारळ बी नाय नेणार."

ओटीवर अनंता हसला. "घ्या. जिच्यासाठी गावाशी वाकडं घेताय, तिलाच तुमची देवी नको."

ते गिरजाला लागलं. पाचवीच्या देवीचा पाटा-वरवंटा मांडून झाला होता. पूजा झाली की देवीपुढचाच नारळ सुईणीच्या ओटीत जायचा, ही सासूने घालून दिलेली रीत.  तिने डब्यामागून दुसरा नारळ काढला, खण आणि तांदूळ घेतले. कुंकवाचा करंडा हातात आला, तो परत ठेवला. लहानीला पाटावर बसवून तिने पूजेआधीच तिची ओटी भरली.

अनंता उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. "वयनी, देवीच्या आधी?"

"देवी रातभर बसणार हाय," गिरजा म्हणाली. "लहानीला उजेडात वाडीवर जायचंय."

कुंडलिकला हसू आवरेना. अनंता चपला शोधत म्हणाला, बारशाला पाळणा हलवायला कोण येतं ते बघूच.

"दोरी लहानीच्या हातात देईन," गिरजाने नेहमीच्याच हळू आवाजात सांगितलं. "तुमी नाय आलात तरी चालंल."

आणि तिने पूजेसाठी बाळाला आणायला सांगितलं.