टोमॅटोच्या वाफ्यातली नळी

आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, नेमबाजीची रायफल बनवावी तर हार्लन राइट्झनं. तो हार्लन मीच, पण मी सांगतोय म्हणून काही ते खोटं ठरत नाही. गूज हॉलो नेमबाजी क्लबच्या भिंतीवर जेवढ्या ढाली लटकल्यात, त्यातल्या निम्म्या माझ्या लेथवरून उतरलेल्या नळ्यांनी मिळवल्या. उरलेल्या निम्म्यांचं कसं काय जमलं ते ज्याचं त्याला ठाऊक. माझी बायको अर्लीन म्हणते, "हार्लन, स्वतःची टिमकी वाजवायला एक माणूस ठेव, तुला आता दम लागतो." ठेवला असता, पण त्याला माझ्यासारखं वाजवता आलं नसतं.

तर या हार्लन राइट्झचे हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागले. आधी उजवा, मागोमाग डावा. डॉक्टरनं दुखण्याला भलंमोठं नाव सांगितलं, ते मी गाडीत बसेपर्यंत विसरलो. नाव पाठ करून हात थोडेच थांबणार होते? नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायचं घर कापायचं, तिथे केसाच्या जाडीची चूकसुद्धा फार मोठी असते. थरथरत्या हातानं ते काम करणं म्हणजे लोकांच्या तोंडाला पानं पुसणं, आणि ते मी कधी केलं नाही. मी हात खिशात घातले ते घातलेच. चारचौघांत कॉफी प्यायची सोडली. विचारेल त्याला सांगू लागलो, नवीन काम घेत नाही, जुनंच पुष्कळ पडलंय.

कॉरिन माझी धाकटी मुलगी. गावातला साच्यांचा कारखाना बंद पडला तोवर ती तिथे लेथवर होती. बंद पडला तशी सरळ माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. म्हणाली, "दुकान मी चालवते."

"चालव की," मी म्हटलं. "नाही कोण म्हणतंय?"

नाही म्हणणारे होते ना, अख्खं खोरं होतं. ट्रक थांबायचा, दारातून एक टोपी डोकावायची. "हार्लन आहे का?"

"मी आहे," कॉरिन म्हणायची.

"नाही, म्हणजे, हार्लन असेल तेव्हा येतो."

"या की. तोपर्यंत दाराला तेल घालून ठेवते, करकरतंय." टोपी गेली की ती हातातलं फडकं असं आपटायची की भिंतीवरच्या कानशी हलायच्या. माझीच पोरगी, राग दुसऱ्या कुणाचा असणार?

वसंतात पलीकडच्या जिल्ह्यातला एक माणूस लेथ बघून गेला. किंमत चांगली सांगितली त्यानं. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जेवता जेवता मी बोलून गेलो, "शरदातल्या स्पर्धेपर्यंत एक जरी माणूस तुझ्याकडे रायफल घेऊन आला, तर लेथ तुझा. नाहीतर विकून टाकतो. धूळ खात ठेवायला तो काही शोभेचा पुतळा नाही."

अर्लीननं माझ्याकडे असं बघितलं की घास घशातच राहिला. कॉरिन मात्र चिडली नाही. बटाटे वाढून घेत म्हणाली, "मग स्पर्धेत मी स्वतः बनवलेली रायफल घेऊन बसते. बघू देत सगळ्यांना काय ते."

"पैसे कुठायत तुझ्याकडे? क्लबातल्या त्या मर्विन ट्रॉक्सेलच्या रायफलीच्या पैशात एक गाडी येते."

"नाहीत. म्हणून तर स्वस्तातली बनवणार."

आणि बाई कामाला लागली. गहाणवटीच्या दुकानात एक हरणाच्या शिकारीची जुनी रायफल पडून होती. तिच्या जुन्या मालकानं ट्रक मागे घेताना स्वतःच्याच बंदुकीवर चढवला होता, दस्त्याचे दोन तुकडे, नळी वाकडी. पण काडतूस धरून उडवणारं मधलं यंत्र धडधाकट. ते तिनं मातीमोल भावानं उचललं आणि प्रत्येक कड लेथवर धरून काटकोनात आणली. बोलिंगचा हॉल पाडत होते, तिथून मेपलच्या फळ्या आणल्या. गावानं त्यांच्यावरून वर्षानुवर्षं चेंडू सोडलेले, लाकूड कसं पिकलं होतं. त्यातून तिनं दस्ता तासला. नवा म्हणून एक ट्रिगर तेवढा घेतला. दुर्बीण तिच्या मामाची, उसनी. राहिली नळी, आणि खरा खर्च तिथेच असतो.

आता हा मर्विन ट्रॉक्सेल. घरोघरच्या पाण्याच्या नळकामाचा मोठा धंदा, रायफलीला दर वर्षी नवी नळी लावणारा गडी. आमचं त्याचं जुनं वैर, म्हणजे रायफल माझ्याकडूनच करून घ्यायची आणि जिंकला की म्हणायचं हात माझा, हरला की म्हणायचं नळी राइट्झची. जुन्या झालेल्या नळ्या तो टोमॅटोच्या वाफ्यात आधाराला रोवतो. न गंजणारं पोलाद, पाऊस लागला तरी काही होत नाही. कॉरिन तिथे गेली. मी गाडीतच बसलो होतो, काच खाली करून.

"मर्विन, तुमच्या वाफ्यातली एक नळी हवी होती."

"कुठली? मोठ्या टोमॅटोची की चेरीची?"

"जिनं कमी गोळ्या खाल्ल्यात ती."

"बापानं पाठवलं होय?" त्यानं माझ्याकडे बघून हात केला. "सांग त्याला, म्हाताऱ्या झाल्यात, दात पडलेत त्यांचे."

"त्यानं नाही पाठवलं. मला हवीय, माझ्यासाठी."

"बरं बरं," मर्विन म्हणाला आणि मला डोळा मारला. मी काच वर केली. कॉरिननं आधी वाफ्यात एक लाकडी खुंटी ठोकली, रोप तिला बांधलं, मगच नळी उपटली. रीतीची आहे पोरगी, आईवर गेलीय.

नळी म्हातारी होते ती मागून. बंदुकीच्या दारूची आग खाऊन काडतुसाच्या पुढची दोन-तीन बोटं जागा खरवडली जाते, पुढचं आतलं अंग बहुतेकदा शाबूत असतं. ते खरवडलेलं टोक छाटायचं आणि नव्यानं घर कापायचं. सांगायला सोपं. एकच नळी होती. घर कापायचं हत्यार, रीमर, जरा तिरका गेला की ती परत टोमॅटोला.

ज्या दिवशी ते काम निघालं, मी लेथशेजारी उभा राहिलो, हात खिशात. तिनं नळी लेथच्या पकडीत, चकमध्ये, धरली आणि डायलची सुई हलायची थांबेपर्यंत ती मध्यावर आणत बसली. मग रीमर आत जाऊ लागला. थोडा आत, बाहेर, तेल, पुसणं, परत आत.

"जरा सावकाश," मी म्हटलं.

"बाबा, तू बोलू नकोस."

"माझ्या बोलण्यानं रीमर हलत नाही."

"मी हलते."

मी मूग गिळून उभा राहिलो. उभ्या आयुष्यात एवढा वेळ मी झोपेतसुद्धा गप्प बसलेलो नाही. ती ज्या बेतानं दाब देत होती, जिथे थांबत होती, ते मी तिला कधी बसून शिकवलं नव्हतं. लहानपणी शेजारी स्टुलावर बसून बघायची, तेवढंच. काम झाल्यावर त्या घरात दोन मापं घालून पाहिली, एक बरोबर, एक केसभर मोठं. ज्या मापावर बोल्ट, म्हणजे मागची खिटी, मिटायला हवा त्यावर मिटला, ज्यावर अडायला हवा त्यावर अडला. मी भिंग घेऊन चूक शोधायला बसलो. फार शोधली. सापडली नाही याचा मला आधी राग आला, आणि मग छाती अशी भरून आली की मी बाहेर जाऊन उगाच ट्रकचं तेल बघून आलो.

पण माझी खुमखुमी जाते कुठे? म्हटलं, यंत्र दस्त्यात बसवायचं काम तरी मी करणार. त्यात हात हलला तरी चालतो. यंत्र आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ राळ भरायची, ती सुकली की आतला साचा यंत्राच्या अंगासारखा होतो. फक्त यंत्राला आधी मेण चोपडायचं, म्हणजे ते परत निघतं. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात ते हे. आणि सांगायला लाज वाटते, खोऱ्यातला एक नंबरचा कारागीर मेण लावायलाच विसरला.

दुसऱ्या दिवशी यंत्र निघेना. गार केलं की धातू आकसतो म्हणून मी अख्खी रायफल फ्रीझरमध्ये ठेवली, हरणाच्या मांसाच्या पिशव्यांवर आडवी. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून अर्लीन म्हणाली, "हार्लन, हिला सोलून ठेवलीय की अख्खीच शिजवायची?" रबरी हातोड्यानं ठोकून पाहिली, काही उपयोग नाही. मी कॉरिनसमोर उभा राहिलो तेव्हा शाळेत काच फोडलेल्या पोरासारखा दिसत असणार.

तिनं रायफल उलटीसुलटी करून बघितली. मग हसायला लागली, पोट धरून. "बाबा, अरे पैसेवाले मुद्दाम चिकटवून घेतात अशी. हलायची भानगडच नाही. ट्रिगर खालून निघतो ना? मग राहू दे."

"तू मला चांगलं वाटावं म्हणून बोलतेयस."

"अजिबात नाही. चांगलं वाटू नये अशीच इच्छा आहे. पुढच्या वेळी मेण मी लावीन."

गुरूची विद्या गुरूलाच, म्हणतात ते असं.

स्पर्धेच्या दिवशी वारा होता. सहाशे यार्डांपर्यंत लावलेली वाऱ्याची निशाणं एक इकडे तर एक तिकडे. कॉरिन बोलिंगच्या फळ्यांची ती रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून बसली, तेव्हा दोन-तीन जण वाकून बघून गेले. एकानं विचारलं, "यावर अजून चेंडू घरंगळतो का?" ती म्हणाली, "तुमचं डोकं ठेवून बघू या."

निशाण्याच्या पहिल्या तिन्ही कागदांवर नेम बरा लागला, बरा म्हणजे नुसता बरा, त्याहून जास्त नाही. चौथ्या कागदाला शिट्टी झाली तसे सगळे सुटले, धाडधाड. कॉरिन बसून राहिली. मी मनात म्हणतोय, मार बाई, वेळ संपेल. ती निशाणांकडे बघत होती. मग सगळी निशाणं एका दिशेला लवली आणि तिनं पाच गोळ्या पाठोपाठ सोडल्या, मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळेल न मिळेल एवढ्यात. कागद आला. पाचही भोकं कोंबडीच्या एका अंड्याखाली झाकली गेली असती. दिवसभरात भोकांचा एवढा घट्ट झुबका कुणाचाच नव्हता. एकूण गुणांत मर्विन पहिला आला आणि कॉरिन सहावी, पण झुबका तिचा.

आमच्या क्लबात बक्षीस देताना नेमबाजाचं नाव घेतात आणि मागोमाग रायफल बनवणाऱ्याचं. बक्षिसं पुकारणाऱ्या लेस्टरनं कर्णा तोंडाला लावला. "आजचा सगळ्यात लहान झुबका, कॉरिन राइट्झ. रायफल बनवणारे, हे काय सांगायला पाहिजे? हार्लन राइट्झ."

टाळ्या पडल्या. पाठीवर थापा पडल्या. कुणी म्हणालं, म्हाताऱ्यात अजून दम आहे. खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. दोन वर्षं मी त्या आवाजाला भुकेलो होतो, आणि लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते नि मी चढत होतो. मग माझी नजर कॉरिनकडे गेली. ती खाली बघून वाऱ्याची निशाणं गुंडाळत होती. एक शब्द बोलली नाही ती. बोललीही नसती, माझ्यासाठी. लेथ गेला असता तरी.

"लेस्टर," मी म्हटलं, "चुकलास. बनवणारी कॉरिन राइट्झ."

लोक हसले. मर्विन पुढे आला. "हार्लन, तुला नम्रपणा शोभत नाही लेका. बाप म्हणून ठीक आहे. पण ती नळी माझ्या वाफ्यातली. तिला परत असं घर कापणारा हात या खोऱ्यात एकच आहे."

"कुठला हात?" मी म्हटलं, "हा?"

आणि मी दोन्ही हात खिशातून काढून सगळ्यांसमोर धरले. गार वाऱ्यात ते नेहमीपेक्षा जास्तच उडत होते. हसणं थांबलं.

"या हातांनी मला शर्टाची बटणं लागत नाहीत, अर्लीन लावते. नळी हिनं कापली, यंत्र हिनं सरळ केलं, लाकूड हिनं तासलं. मी एकच काम केलं आणि ते बिघडवलं. आता कर्ण्यातून नीट सांग, लेस्टर. पूर्ण नाव घे."

लेस्टरनं घसा साफ केला आणि पूर्ण नाव घेतलं. या खेपेला टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या, पण थांबायलाही उशीर लागला. कॉरिन माझ्याजवळ आली. डोळे भरले होते तिचे, पण तोंड आमच्याच घरातलं. "बाबा, हात आत घाल. थंडी आहे."

"राहू देत बाहेर," मी म्हटलं. "वारा लागू दे त्यांना."

आम्ही सामान ट्रकमध्ये टाकत होतो तेव्हा मर्विन आला, हातात रायफलीची पेटी. इतक्या वर्षांची सवय, मी पेटी घ्यायला दोन्ही हात पुढे केले. तो माझ्या शेजारून गेला आणि पेटी कॉरिनच्या हातात दिली.

"नवी नळी आलीय," तो तिला म्हणाला. "बर्फ पडायच्या आत घर कापून होईल?"

"बघते," ती म्हणाली. "घाई करणार नाही मात्र."

"नको करूस."

माझे हात तसेच पुढे राहिले, रिकामे, थरथरत. आयुष्यभर मी पुष्कळ मिरवलो, पण त्या दिवशी रिकाम्या हातांनी जेवढा ताठ उभा होतो, तेवढा ढाल धरूनसुद्धा कधी उभा राहिलो नव्हतो.