सामंतांची सुरमई

मला घाटकोपर पूर्वेत घर हवं होतं आणि घाटकोपर पूर्वेला मी नको होते. दोन महिन्यांत मी बावीस घरं पाहिली आणि बावीस जणांशी भांडले. एकाने विचारलं, लग्न का नाही झालं. दुसऱ्याने विचारलं, झालं तर कधी. तिसरी एक बाई होती, तिने मला घर दाखवलंच नाही. जाळीच्या दारातून आडनाव विचारलं, जात विचारली आणि 'आत्ताच गेलं हो' म्हणून आतलं दार लावून घेतलं. मी त्या दारावर लाथ मारली. मला त्याची लाज वाटत नाही.

माझा तोंडाळपणा आमच्या मढ कोळीवाड्यात प्रसिद्ध आहे. तो आईकडून आलाय. आई म्हणजे पुतळाबाई भांजी, तीस वर्षं बाजारात मासळी विकणारी. तिच्याकडून कुणी दहा रुपये कमी करून घेतल्याचं ऐकिवात नाही. मी कल्पिता, तिची एकुलती एक मुलगी, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. सकाळी साडेसहाला माझी ड्युटी लागते. मढहून पहिली फेरीबोट सुटून वर्सोव्याला लागते तोवर इकडे माझ्या पहिल्या पेशंटचं रक्त काढून झालेलं असावं लागतं. म्हणून मी वर्षभर देवनारच्या बाजूला एका खोलीत पाच मुलींबरोबर राहत होते.

तिथून बसस्टॉपपर्यंत सात मिनिटांचा रस्ता. एका बाजूला लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला उभे ट्रक. ऑगस्टपासून एक स्कूटरवाला पहाटे माझ्या मागे यायला लागला. आधी नुसता मागे यायचा, मग शेजारून चालवायला लागला, मग नावाने हाक मारायला लागला. त्याला माझं नाव कुठून कळलं ते मला अजून माहीत नाही. एकदा मी दगड उचलला तर हसला. पोलीस चौकीत गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही ड्युटीची वेळ का बदलून घेत नाही?" मी म्हटलं, तुम्ही चौकीची जागा का बदलून घेत नाही. त्यावर त्याने मला बाहेर बसायला सांगितलं आणि दीड तास बसवून ठेवलं. मग एका पहाटे त्या स्कूटरवाल्याने माझी ओढणी धरली. मला हॉस्पिटलपासून पायी जाता येईल असं घर हवं होतं, गेटवर वॉचमन असलेलं, आणि भाडं देऊन महिनाभर जेवता येईल असं. यात मी काय मोठं मागत होते?

तेविसावं घर मितेशने आणलं. मितेश म्हणजे आमचा एजंट, कानाला कायम फोन, बोलताना समोर न बघणारा माणूस. "वन आरके आहे, तिसरा माळा, हॉस्पिटल पाच मिनिटं. मालक मराठी, सामंतसाहेब, मालवणकडचे. मुलुंडला राहतात. त्यांचं काही नाही. सोसायटी कडक आहे."

"कडक म्हणजे?"

"शुद्ध शाकाहारी. लेखी नाही कुठे, पण चेअरमन समोर बसवून विचारतो. तू कोळी आहेस ते कुठे बोलू नकोस. तुझं आडनाव चांगलं आहे यार, भांजी. त्यांना गुजराती वाटेल. वाटू दे."

"आणि मी मासे खाते ते?"

"हॉस्पिटलच्या कॅन्टीनला खा ना. घर पाहिजे की बांगडा पाहिजे?"

मी त्याला दोन शिव्या दिल्या आणि घर पाहायला गेले. खिडकीतून हॉस्पिटलची मागची पायरी दिसत होती. खाली बाया बाकावर बसून वाटाणे सोलत होत्या आणि एक शाळकरी मुलगी एकटी सायकल चालवत होती, कुणाचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. मला ते फार आवडलं. असं घर मिळावं म्हणून मी खोटं बोलायला तयार झाले, हे मी सरळ सांगते.

चेअरमनची अट होती, एकट्या मुलीने आईला किंवा वडलांना घेऊन यायचं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. म्हणून मी शनिवारी मढला जाऊन आईची तयारी करून घेतली. कासोटा नको, साधं सहावारी नेस. सोन्याच्या पाटल्या काढून ठेव. हात लिंबाने घास. काय खाता विचारलं तर वरण-भात सांग. आई ऐकत होती आणि पापलेटं निवडत होती.

"वरन-भात तर वरन-भात," ती म्हणाली. "तुज्या जिवापेक्षा काय मोठं हाय? पन घर देतो तो मालवनी ना?"

"हो. सामंत."

"त्याच्याकडं रिकाम्या हाती नाय जायचं, पोरी."

"आई, काहीही आणायचं नाही. एक कोलंबीसुद्धा नाही. शपथ घे."

तिने शपथ घेतली नाही, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्यात ज्याच्याकडे काम आहे त्याच्या दारात मासळी घेऊन जातात. मुलगी बघायला जाताना नेतात, डॉक्टरकडे नेतात, मास्तरांकडे नेतात. काम करून देणाऱ्याला जाळ्यातलं सगळ्यात चांगलं द्यायचं, बाजारात दुसऱ्या नंबरचं विकायचं. आईच्या हिशेबात सोसायटी आणि मालक वेगळे होते. सोसायटीला वरण-भात सांगायचा आणि मालवणी माणसाला गेटबाहेर गाठून सुरमई द्यायची.

रविवारी अकरा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात बसले होते. तळमजल्याची खोली, गेटला लागून. समोर चेअरमन श्यामसुंदरभाई, शेजारी सामंतसाहेब आणि दारापाशी मितेश. श्यामसुंदरभाई माझ्या आधार कार्डाकडे असे बघत होते की जणू ते मी रस्त्यावरून उचललंय.

"रात्री किती वाजता परत येणार?"

"माझी सकाळची ड्युटी असते. चारला घरी."

"मित्र वगैरे येणार?"

"नाही."

"भाऊ म्हणून पण कोणी येतात. नंतर आम्हाला त्रास."

"मला भाऊ नाही."

"खाना?"

"शुद्ध," मी म्हटलं. सामंतांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. ते स्वतः मालवणी, नखशिखांत मासेखाऊ, आणि 'शुद्ध' म्हटल्यावर मान डोलावत होते. त्या माणसाला मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"छान. आणि मम्मी?"

"येतेय. रिक्षात आहे."

तेवढ्यात गेटवर आरडाओरडा सुरू झाला. वॉचमन हिंदीत कुणाला तरी अडवत होता आणि समोरून आईचा आवाज येत होता. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मग वॉचमन दारात आला. "साहब, ये मच्छीवाली बोलती है अंदर काम है."

त्याच्या मागे आई उभी होती. आकाशी रंगाचं सहावारी, मोकळे हात, केसांना भरपूर तेल लावलेलं. मी सांगितलं होतं तसं सगळं केलं होतं तिने. आणि हातात बर्फाची पिशवी, खालून थेंब थेंब गळणारी. पिशवीतून सुरमईची शेपूट वर आली होती. मेट्रोत मासळी घेत नाहीत म्हणून बाई वर्सोव्यापासून रिक्षाने आली होती, आणि गेटबाहेर सामंत भेटले नाहीत म्हणून पिशवीसकट आत आली होती.

श्यामसुंदरभाईंनी नाकाला रुमाल लावला. "ये क्या है? कौन है ये?"

आईने त्यांच्या रुमालाकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एवढी हुशार बाई, तिला एका नजरेत कळलं की आपण काय करून बसलो. आणि ती थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली.

ज्या बाईच्या पोटी मी जन्मले तिच्यासाठी बोलायला मला एक सेकंद पुरला असता. बावीस जणांशी भांडले होते मी. मला ती भिंत दिसली, ते ट्रक दिसले, त्या माणसाची ओढणीवरची बोटं दिसली. मी टेबलावरच्या माझ्या आधार कार्डाकडे बघत राहिले.

"सामंतसायब कोन?" आई म्हणाली. तिने बाजारातला आवाज लावला होता. "तुमची सुरमई हाय. घरून सांगितलं, सायब इकडं भेटतील."

सामंत गोंधळले. पण त्यांनी शेपटीकडे पाहिलं आणि चांगली चार किलोंची सुरमई त्यांना समजली. "आमच्या हिने सांगितलं असेल," ते पुटपुटले. "मावशी, बाहेर थांबा, बाहेर. आलोच मी."

"सामंतसाब, यहाँ नहीं चलेगा," श्यामसुंदरभाई कडाडले. "मुलुंडला जे करायचं ते करा."

"सॉरी, सॉरी," म्हणत सामंत बाहेर पळाले. वॉचमनने आईच्या मागे पाण्याने फरशी धुतली. मितेश माझ्याकडे टक लावून बघत होता, पहिल्यांदाच. त्याला कळलं होतं. पण त्याची दलाली अडकली होती.

"हां, तर मम्मी?" चेअरमन म्हणाले.

"तिचा मेसेज आला आत्ता," मी म्हणाले. "चक्कर आली तिला. नाही येऊ शकत."

"काही हरकत नाही. फोनवर बोलून घेऊ कधीतरी. तुम्ही चांगल्या घरच्या दिसता." त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. माझ्या अंगाला घाम फुटला होता आणि त्या घामाखाली मला आनंद झाला होता. तो आनंद मला आजही माफ करता येत नाही.

सही करून मी बाहेर आले. श्यामसुंदरभाईही माझ्या पाठोपाठ आले, सुरमई गेटबाहेर गेली की नाही ते बघायला. गेटपाशी सामंत आईशी घासाघीस करत होते.

"अहो मावशी, बाजारात याहून स्वस्त मिळते. हजार घ्या."

ती भेट होती. रात्री तिने स्वतः बोटीवर जाऊन निवडली असणार. तिने किंमत सांगितलीच नसती, आता सांगावी लागत होती. मला वाटलं, आता तरी तिचं तोंड सुटेल. सुटावं असं मला मनापासून वाटत होतं.

"द्या तुमाला काय द्यायचं ते," आई म्हणाली.

सामंतांनी आठशे रुपये काढले. तिने ते न मोजता कमरेला खोचले. पिशवी घेऊन ते खुशीत माझ्याकडे वळले. "चला, तुमचंही काम झालं. एक तारखेला चावी घ्या."

आईने हे ऐकलं. तिने मान वर करून तिसऱ्या माळ्यापर्यंत इमारत पाहिली. खाली बाकावर बसलेल्या बाया पाहिल्या, गेट पाहिलं, वॉचमन पाहिला. तिला घर पसंत पडलं होतं. मला तिचा चेहरा कळतो.

"तुमी ऱ्हानार का इकडं, मॅडम?" तिने मला विचारलं.

श्यामसुंदरभाई माझ्या खांद्यामागे उभे होते.

"हो," मी म्हणाले.

"बरी जागा हाय. एकल्या असाल तर आतून कडी घालत जा. आन जेवत जा येळेवर."

"हो, मावशी," मी म्हणाले.