कडूचा मध

वहिनीने चमचा जिभेवर टेकवला आणि डोळे मिटले. बाटल्यांत भरण्याआधी मध चाखून पाहणं हे तिचं काम; रोज ती डोळे मिटायची ते क्षणभरच. आज ते उघडेचनात. पलीकडे गाळणीवर वाकलेल्या तिच्या नणंदेचा हात थांबला.

"काय गं, मेण आलं का त्यात?"

वहिनीने नुसती मान हलवली. कोमट पाण्याने चूळ भरली, धुतलेला चमचा घेऊन त्याच डब्यातला मध पुन्हा चाखला. आधी गोड. मग घशाशी उतरताना जळक्या साखरेसारखी एक कडसर धार. आणि गोडी पार विरून गेल्यावर, मागे राहिलेला ओल्या सालीचा वास.

"वन्सं," ती म्हणाली, "हा कडूचा आहे."

"कडू कुठला आता! स्वप्नात चाखलास की काय?"

वन्संचं म्हणणं खोटं नव्हतं. डोंगरावरच्या त्या झाडाला गावात सगळे नुसतं कडू म्हणत. त्याचं लाकूड पाण्यात वर्षानुवर्षं पडलं तरी कुजत नसे, आणि हा गुणच त्याच्या मुळावर आला. होड्या, पुलाचे खांब, दाराच्या चौकटी, ज्याला त्याला कडूच हवा. डोंगर उघडा पडला तसं पावसाळ्यात तांबडी माती रस्त्यावर उतरू लागली, आणि हिवाळा सरतो न सरतो तोच नळ कोरडे पडू लागले. मग डोंगरावर भराभर वाढणारी, सरळसोट, एका मापाची झाडं लावली गेली. लांबून हिरवं दिसायचं सगळं, पण मधमाश्या तिकडे फिरकत नव्हत्या. गावातला शेवटचा कडू पडला, तेव्हा वहिनी नुकती लग्न होऊन आली होती, आणि त्याचा मध तिने चाखला होता तोही तेव्हाच.

मालक आले. बोटाने मध चाटून पाहिला.

"मला तर नेहमीसारखाच लागतोय, ताई."

ते चिडले असते तर वहिनीला बरं वाटलं असतं. मालक माणूस भला होता. मोठ्या तापातून उठल्यावर तिच्या हातून एक आंबलेला मध निसटला होता, दुकानांच्या फळ्यांवर बाटल्यांची झाकणं उडाली होती, तरी ते एका शब्दाने बोलले नव्हते. फक्त मध तपासायचं मशीन घेऊन आले आणि तिच्या टेबलाच्या टोकाला ठेवलं. तेव्हापासून दर चमच्याला वहिनी मनाशी घाबरायची. ज्या जिभेवर तिने सगळं आयुष्य काढलं, ती आता आपली राहिली आहे की नाही, हेच तिला कळेनासं झालं होतं.

"झाड असेल तर दाखवा," मालक म्हणाले. "खरंच असेल ना, तर वेगळ्या बाटल्या काढू. लांबलांबून माणसं येतील बघायला. आणि नसेल..." ते जरा घुटमळले. "नसेल तर जिभेला विश्रांती द्या आता. लेबलाच्या टेबलावर हात कमीच पडतात."

डबा पेटीवाल्या काकांचा होता. माश्यांच्या पेट्या सांभाळणारा हा अबोल म्हातारा दुपारी रिकामे डबे न्यायला आला, तेव्हा वहिनीने त्याला गाठलं.

"काका, पेट्या कुठं असतात हो तुमच्या?"

"लाकडाच्या जुन्या कारखान्यामागं."

"तिथं कडूचं झाड आहे का एखादं?"

काका डब्यांची दोरी आवळत होते. गाठ बसली होती तरी ती सोडून पुन्हा बांधू लागले.

"झाड कुठलं? भिंत आहे नुसती."

वहिनीचं समाधान झालं नाही. मधमाशी काही परगावी जाऊन मध आणत नाही. जे काही असेल ते पेट्यांच्या आसपासच असणार. सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिने चपला घातल्या. वन्संचे गुडघे कुरकुरत होते, पण मागे राहतील तर त्या वन्सं कसल्या!

कारखान्याची भिंत दोन पुरुष उंच होती आणि वर काचा लावलेल्या. पेट्या तिच्या सावलीत ओळीने मांडल्या होत्या. वहिनी उकिडवी बसून माश्यांची ये-जा पाहू लागली. रस्त्याकडच्या फुलांकडे एखाददुसरीच जात होती. बाकी सगळ्या पेटीतून निघाल्या की सरळ वर चढत आणि भिंतीपलीकडे दिसेनाशा होत.

"आत जातायत, वन्सं."

"आत काय आहे? गंजलेल्या करवती."

फाटकाला कुलूप होतं. पण भिंतीच्या कडेने चालत गेल्यावर सांडपाण्याच्या वाटेपाशी ती ढासळलेली दिसली. वन्संनी त्या भगदाडाकडे पाहिलं, मग स्वतःकडे.

"शिरेन मी. बाहेर काढायला मात्र क्रेन बोलाव."

दोघी आत शिरल्या. पायाखाली जमीन मऊ होती, गार होती. कारखान्याचं छप्पर कधीच खाली आलं होतं, आणि जिथे ओंडके रचत तिथपासून पार मागच्या भिंतीपर्यंत झाडंच झाडं होती. कोवळी, दाटीवाटीने उभी. फांद्यांना बारीक हिरवट फुलांचे घोस, आणि त्यांच्यावर माश्यांचा असा गुंजारव, की जणू एखादं जातं लांबवर कुठेतरी सावकाश फिरतंय.

वहिनीने पान तोडून दाताखाली धरलं. कडसर धार घशात उतरली. तिने चटकन तोंड फिरवलं, डोळ्यांतलं वन्संना दिसू नये म्हणून.

वन्सं भलत्याच ठिकाणी पाहत होत्या. "इथं सालींचा ढीग असायचा," त्या म्हणाल्या. त्यांचे वडील इथेच करवतीवर होते. "मी त्यांचा डबा घेऊन आले की त्या ढिगावरून घसरत खाली यायची. ओंडक्यांबरोबर डोंगरावरून काय काय यायचं! साली, डहाळ्या, फळं. सगळं इथंच लोटून द्यायचे."

दोघी त्या जागेकडे पाहत राहिल्या. डोंगर खाऊन झाल्यावर कारखाना उपाशी पडून बंद झाला होता, आणि त्याच्या उष्ट्यातून हे उगवलं होतं. मशीनच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, स्वच्छ पाणी.

"उद्या मालकांचं तोंड बघण्यासारखं होईल," वन्सं खुशीत म्हणाल्या. त्यांनी त्यातल्या त्यात जाड बुंधा शोधला आणि दोन्ही हातांचा वेढा घालून पाहिला. "आणखी थोडी वर्षं गेली ना, तर चौकट निघेल यातून."

बोलून गेल्या आणि त्यांनी हात काढून घेतले. माश्यांचा आवाज तेवढा चालू होता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी कामावर आल्या आल्या विचारलं, "काय ताई, सापडलं का झाड?"

वन्संनी तोंड उघडलं होतं.

"नाही," वहिनी म्हणाली. "भिंत आहे नुसती. माझ्या जिभेलाच काहीतरी झालंय."

मालकांनी मान खाली घातली. वन्संनी गाळणी अशी आपटली की सगळी खोली दचकली, आणि दिवसभर त्या वहिनीशी बोलल्या नाहीत.

लेबलं चिकटवायचं काम अवघड नव्हतं. पण मशीन सुरू झालं की वहिनीची नजर तिकडे जायची, आणि लेबल वाकडं बसायचं.

ऊन चांगलंच तापू लागलं होतं तेव्हा पेटीवाले काका डबे घेऊन आले. चाखायच्या टेबलाशी कुणी नाही हे पाहून थबकले. मग खोलीभर नजर फिरवून लेबलाच्या टेबलापाशी आले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"भगदाडापाशी पावलं दिसली तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही सांगून टाकाल," ते हळूच म्हणाले.

वहिनीने मान वर केली नाही. "काय सांगणार? भिंत तर आहे नुसती."

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "दर वर्षी मी तो मोहरीच्या मधात मिसळून आणतो. कुणाला पत्ता लागत नाही. यंदा मध काढतेवेळी अंथरुणाला खिळलो होतो, सुनेनं न मिसळताच भरला डबा." ते जरा थांबले. "शाबूत आहे हो तुमची जीभ."

वहिनीचा अंगठा लेबलावर होता तिथेच राहिला. गाळणीशी बसलेल्या वन्संनी मान वळवली नव्हती, पण त्यांच्या हातातलं काम केव्हाच थांबलं होतं.

"फळं धरली का?" वहिनीने विचारलं.

"लगडलीत. रोज संध्याकाळी वटवाघळं येतात." काकांनी दाराकडे पाहून आवाज आणखी उतरवला. "परवा एक रोप दिसलं. भिंतीच्या बाहेर, ओढ्याला. गुरांनी तोंड लावू नये म्हणून टोपली उपडी घातलीय वर."

वहिनीने बाटली बाजूला सारली आणि स्टूल पुढे ओढलं.

"कुठल्या काठाला?"