नीलांबरीचे माहेर

केळझरच्या टेकडीवरील गणपतीची पूजा आटोपून मधुकरशास्त्री उतरत, तेव्हा त्यांची वाट बबनरावांच्या केळीच्या बागेवरून जात असे. बागेच्या विहिरीपाशी लोखंडी जाळीचा एक प्रशस्त पिंजरा होता आणि त्यात दोन निळी पाखरे राहत. शास्त्री क्षणभर थांबून त्यांना नमस्कार करीत. ज्यांच्या मस्तकावर आपण मंत्रपूर्वक अक्षता टाकल्या, ते दांपत्य मग मनुष्ययोनीतले असो वा नसो, त्याला ओलांडून जाऊ नये असे त्यांना वाटे.

ही पाखरे या देशातली नव्हती. सत्त्याहत्तर सालच्या वैशाखात वर्धेहून नागपूरकडे निघालेल्या एका लहानशा सर्कशीचा तंबू वादळात फाटला आणि तिने बबनरावांच्या पडीत रानात मुक्काम केला. तेथेच तिचे दिवस भरले. घोडे कुणी नेले, माकडे कुणी नेली. आनंदाबाईंनी त्या दिवसांत सर्कशीतल्या लेकरांना ताक-भाकरी दिली होती. त्या उपकारापोटी मालकाने जाताना ही दोन पाखरे त्यांच्या ओसरीत आणून ठेवली. "परदेशी पोपट आहेत, जोडी आहे," एवढेच तो म्हणाला. मोठे पाखरू चोचीपासून शेपटाच्या टोकापर्यंत दोन हात भरेल असे, गर्द निळे. लहान त्याहून बरेच आखूड, निळ्यात हिरवट झाक असलेले. नर मोठा आणि मादी लहान, हे कुणालाही सांगावे लागले नाही.

बबनराव आणि आनंदाबाई यांना मूल नव्हते. त्या दोघांनी पुष्कळ देव केले आणि पुढे तो विषय बोलण्यातून काढून टाकला. पण दुसऱ्या वर्षी दिवाळी सरताच आनंदाबाई शास्त्र्यांच्या दारी आल्या.

"महाराज, तुळशीचं लगन आमी दरसाल लावतो. पन तुळस झाड हाये, बोलत नाई. ही पोरगी मले पाह्यलं का मान हालवते. इचं कन्यादान करू द्या मले."

मागे उभे असलेले बबनराव म्हणाले, "अन् जवाई पाह्यला का, महाराज? कमाई काय, तं नारळ फोडते."

"फोडते तं खरं! तुमच्यानं सुपारी फुटत नाई."

शास्त्री हसले, पण काम हाती घ्यायचे तर ते नीट व्हावे, असा त्यांचा स्वभाव होता. काशीला बारा वर्षे त्यांनी विधींचाच अभ्यास केला होता. त्यांना एकच शंका आली. पुराणांच्या मते समस्त पक्षिकुळ कश्यपापासून झालेले. म्हणजे वर काश्यप, वधूही काश्यप. सगोत्र विवाह कसा लावावा? दोन दिवस पोथ्या चाळून त्यांनी वाट काढली. वधूला बबनरावांनी आधी विधिवत दत्तक घ्यावे, म्हणजे तिचे गोत्र पालटेल. वराचे नाव घननीळ ठेवले, वधूचे नीलांबरी. ही दोघे एकमेकांच्या फार जवळची तर नाहीत ना, एवढीच काळजी त्या सत्पुरुषाला लागली होती.

लग्न थाटात झाले. अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली, प्रत्येक 'सावधान'ला वधूवरांनी अशी किंकाळी फोडली की वाजंत्र्यांनी सनई खाली ठेवली. आनंदाबाईंनी पाणी सोडले आणि शास्त्र्यांच्या मागून 'न मम' म्हटले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना खरोखरीची धार लागली. त्या दिवसापासून त्यांनी बागेच्या विहिरीचे पाणी वर्ज्य केले. विहीर आता लेकीच्या घरची झाली. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचे पाणी पिऊ नये, ही रीत. भर उन्हाळ्यात त्या गावातल्या पंपावरून घागर आणीत आणि बबनराव त्याच विहिरीचे पाणी ओंजळीने पीत म्हणत, "मी तं निर्लज्ज बाप हावो, बाई."

संसार मात्र काही निराळ्याच तऱ्हेचा निघाला. पिंजऱ्यात एक वाळलेला कडुनिंब होता. घननीळ दिवसभर त्याचे खोड पोखरी आणि ढोलीत शिरून बसे. नीलांबरी त्या ढोलीकडे ढुंकूनही पाहत नसे. तिला आवडे ती पिंजऱ्याच्या आत आलेली, जुन्या मोटेच्या वेळची दगडी भिंत आणि तिच्यातला दिवा ठेवण्याचा कोनाडा. त्या गार दगडात ती अंग चोरून बसे. घननीळ आख्ख्या नारळाला चोच लावी. नीलांबरी शिंदीच्या लहान बिया एकेक करून फोडी. मान खाजवून घ्यायला ती त्याच्याजवळ जाई, तोही खाजवून देई. पण ऋतू आला की तो लाकडाकडे आणि ती दगडाकडे.

"रुसवा आहे," शास्त्री म्हणत. "नववधूचा रुसवा दीर्घही असतो."

तिसऱ्या वर्षी नीलांबरीने कोनाड्यात अंडे घातले. आनंदाबाईंनी गावभर साखर वाटली. अंडे उबले नाही. दुसरे घातले, तेही उबले नाही. मग ती स्वतःच्याच छातीची पिसे उपटू लागली. सेलूचे गुरांचे डॉक्टर येऊन पाहून गेले, आपल्याला यातले कळत नाही असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले आणि नागपूरला पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांना निरोप धाडला.

सुलोचनाबाई एक्याऐंशीच्या माघात आल्या. पिंजऱ्याभोवती फिरून त्या दोन्ही पाखरांना इतका वेळ निरखीत राहिल्या की आनंदाबाईंनी आणलेला चहा निवला.

"बाई, काऊन बोलत नाई? काई वंगाळ हाये का?"

"ही दोघं एका जातीची नाहीत, आनंदाबाई," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हंजे?" बबनराव म्हणाले. "दोनी निळे, दोनीची चोच काळी. डोयाभोवती पिवळं कडं, तेई दोघायले."

"तेवढं सारखं आहे. एका घराण्यातली आहेत, चुलतभावंडं म्हणा. पण हा मोठा पाहा. याची पिवळी रेघ खालच्या चोचीच्या कडेनं कोरीसारखी गेलीय. आणि हिच्या गालावर पाहा, तिथं पिवळा थेंब ओघळल्यासारखा आहे. रंग फिका, डोक्यावर हिरवट. हा झाडाच्या ढोलीत घर करणारा. ही कड्याच्या कपारीत राहणारी. ब्राझीलमध्ये कोरड्या प्रदेशात लाल दगडाचे कडे आहेत, तिथली. शंभर वर्षं लोकांनी ही जात पिंजऱ्यांतच पाहिली होती; रानात ती कुठं राहते हे आता दोन वर्षांपूर्वी कळलं. जगात फार थोडी उरली आहेत."

शास्त्र्यांनी कोनाड्याकडे पाहिले. दोन वर्षे ज्याला ते रुसवा म्हणत आले, तो कड्याचा शोध होता.

"आणि हा मोठा नरच आहे, हेही नुसतं पाहून सांगता येत नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "यांच्यात नरमादी दिसायला सारखेच."

बबनरावांनी डोक्याला हात लावला. "म्हंजे महाराज, आमचा जवाई कदाचित सूनच असन!"

कुणीच हसले नाही.

सुलोचनाबाईंनी मग आपले म्हणणे मांडले. परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयात याच जातीचा एक नर आहे. त्याची जोडीदारीण मेली, तो एकटाच आहे. तो नर आहे हे त्यांनी नीट तपासून घेतले आहे. नीलांबरी तिकडे गेली तर तिची अंडी उबण्याची आशा आहे. इथे राहिली तर ती पिसे उपटीत राहील, आणि किती तग धरील ते सांगता येत नाही.

आनंदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "बाई, तुमी शिकलेल्या हा. पन तिचं लगन झालं हाये. मी तिले पानी सोडून देल्लं. लगन झालेल्या पोरीले दुसऱ्याच्या घरी कशी पाठवू? महाराज, तुमीच सांगा."

सर्वांनी शास्त्र्यांकडे पाहिले. "पोथ्या पाहून सांगतो," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस त्यांनी पोथ्यांत काढले. विवाह लावण्याचे विधी पानोपानी होते. लावलेला सोडवण्याचा एकही मिळेना. शेवटी त्यांना एक आधार सापडला. सातवे पाऊल पडल्यावाचून विवाह पूर्ण होत नाही, आणि पाखरे पावले कुठली टाकणार? मनावरचा धोंडा उतरल्यासारखे ते बागेत गेले.

"आनंदाबाई, सप्तपदी झालीच नव्हती. म्हणजे विवाह अपुरा. नीलांबरी अजून कुमारीच आहे."

आनंदाबाई केळीची पाने कापीत होत्या. विळा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "झाली होती, महाराज. तुमी इसरले. पाखरं चालत नाई म्हून हे जवायाले हातावर घेऊन समोर, अन् मी पोरीले घेऊन मांगं, असे आमी सात पावलं चाललो. तुमी एकेक पाऊल मोजून मंत्र म्हन्ला."

ते खरेच होते. त्यांनीच तसे सुचवले होते. विधीत न्यून राहू नये म्हणून. शास्त्री पिंजऱ्याच्या जाळीला धरून उभे राहिले. खोटे बोलणे त्यांना जमण्यासारखे नव्हते आणि खरे बोलून काही सुटत नव्हते. आत नीलांबरीच्या छातीवर तळहाताएवढी कातडी उघडी पडली होती.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. एका सकाळी आनंदाबाई आपणहून टेकडी चढून देवळात आल्या. देवापुढे डोके टेकून त्या म्हणाल्या, "महाराज, लगन मोडू नोका. लेक माहेरी जाते का नाई?"

"जाते."

"त्याले शास्त्र लागते का?"

"नाही लागत."

"मंग हे जे दूरचं हाये, बाई म्हनते तिथं, तिच्या जातीचे लोक हायेत. तेच तिचं खरं माहेर. मी तं दत्तक माय. माहेरी पाठवतो तिले. परत कदी येते, हे कोनी इचारत नाई पोरीले." एवढे बोलून त्यांनी तोंडात पदराचा बोळा धरला.

शास्त्र्यांनी हात जोडले ते गणपतीला की त्या माउलीला, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. त्याच दिवशी नागपूरला निरोप गेला. परवानग्या मुंबईहून, दिल्लीहून आणि त्या परक्या देशातून यायच्या होत्या. पाऊस आला आणि गेला. नीलांबरीने कोनाड्यात आणखी एक अंडे घातले. आनंदाबाई रोज विचारीत, "आला का कागद?" आणि बबनराव रोज तेच सांगत, "येते म्हन्ते."

परवानगी आली ती दसरा उलटल्यावर. सुलोचनाबाई स्वतः न्यायला येणार होत्या. आनंदाबाईंनी पहाटे उठून पुरणाचा स्वयंपाक केला, सुताराकडून करून घेतलेल्या पेटीत आपले जुने लुगडे अंथरले आणि ताटात ओटीचे सामान मांडले: तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. शास्त्रीही आले होते. निरोपाच्या वेळी म्हणावयाचे स्वस्तिवाचन त्यांनी मनात घोळवून ठेवले होते.

सुलोचनाबाई फाट्यावर बसमधून उतरून पायीच आल्या. त्यांच्या चालण्यावरूनच काहीतरी बिनसल्याचे ओळखून बबनराव उठून उभे राहिले.

"काल रात्री तार आली," त्या म्हणाल्या. "तो नर गेला. गेल्या आठवड्यात. आजारी होता, मला आधी कुणी कळवलंच नाही."

"दुसरा?" बबनरावांनी विचारले.

"आहेत मोजके. पण कुणी नर आहेत की माद्या ते ठाऊक नाही, आणि कुणी द्यायला तयार नाही. मी विचारीत राहीन." मग जमिनीकडे पाहत त्यांनी जोडले, "पण तुम्हाला आशा लावू नये असं मला वाटतं."

आनंदाबाई ताट हातात घेऊनच उभ्या होत्या. मग त्या शास्त्र्यांकडे वळल्या. "महाराज, भरलेली ओटी वापस ठेवता येत नाई. आता हे कोनाले घालू?"

शास्त्र्यांना सोळा संस्कारांचे मंत्र येत होते, शांतीची सूक्ते येत होती. माहेर नाहीसे झालेल्या लेकीसाठी मात्र त्यांच्यापाशी काही नव्हते. "तुम्हाला वाटेल तसं करा," एवढेच ते कसेबसे म्हणाले.

आनंदाबाई पिंजऱ्याचे दार उघडून आत गेल्या. नीलांबरी कोनाड्यात, न उबणाऱ्या त्या अंड्यावर बसून होती. त्यांनी तिच्या कपाळाजवळच्या दगडाला कुंकू लावले, खण कोनाड्याच्या कडेला ठेवला आणि मूठमूठ करून तांदूळ तिच्यासमोर घातले. तिने मान हलवली. पण ती अंड्यावरून उठली नाही. एक दाणाही तिने उचलला नाही.

मग कडुनिंबावरून घननीळ चोच रोवीत, पाय टेकीत खाली उतरला, भिंतीला धरून कोनाड्यापर्यंत चढला आणि ते तांदूळ खाऊ लागला.

बबनरावांनी त्याला हाकलायला काठी उचलली.

"राहू द्या," आतून आनंदाबाई म्हणाल्या. "जवाई हाये. खाऊ द्या त्याले."