‘नाही’वरची खूण

चूक पॉलची. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळे त्याचं वय बघून त्याला सोडून देतात.

मी एका फॉर्माची झेरॉक्स बोलतेय. मूळ फॉर्म प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसात गेला, मी याकोबच्या घरी राहिले.

२०१७ साली संगमनेरात, फॉर्म भरून देणाऱ्या श्रीमंतच्या झेरॉक्सच्या दुकानात, मूळ फॉर्मावर सही झाल्यावर मी मशीनमधून गरमागरम बाहेर पडले. याकोब तेव्हा पन्नाशीचा. दूध संघात ठेकेदाराच्या हाताखाली नऊ वर्षं क्रेट उचललेले. ठेकेदार बदलला आणि जुनी माणसं घरी बसली. दर महिन्याला याकोबच्या पगारातून फंड कापला जायचा, तेवढेच पैसे ठेकेदारानं घालायचे. ठेकेदाराच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जायचा. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन. याकोबला एकच वर्ष कमी पडत होतं.

माझ्यावर एक प्रश्न छापलाय. पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी भरलेल्या वर्षांचा दाखला चालेल का? हो की नाही?

श्रीमंत पेन उघडून म्हणाला, "याकोबकाका, दाखला घ्या. उद्या दुसरीकडं लागलात तर ही नऊ वर्षं त्यात धरत्यात."

याकोबनं तोंड उघडायच्या आत पॉल बोलला. पॉल त्याचा थोरला भाऊ, चर्चच्या मंडळीतलं बडं प्रस्थ. या घरात थोरला हजर असताना धाकट्यानं उत्तर द्यायचं नाही. केस पांढरे झाले तरी नाही. असली रीत कुणी काढली त्याला एकदा माझ्यावर सही करायला बसवा.

"दाखला काय बापाच्या कबरीवर चिकटवायचाय? ईस्टरच्या पहाटी सगळी मंडळी कबरस्थानात येती. लोकांच्या बापावर फरशी, आमच्या बापावर गवत! काढ पैसे."

"पर दादा..."

"ह्या वयात तुला आता कोन देतंय नोकरी?"

श्रीमंतनं ‘नाही’वर खूण केली. याकोबनं सही केली. सही अगदी नीट आली. मला राग त्याचाच येतो.

ऐंशी हजारांवर रक्कम आली. बापाच्या कबरीवर काळं ग्रॅनाईट चढलं, खाली ‘अर्पण’ म्हणून पॉलचं नाव आधी. ईस्टरला तो तिथं असा उभा राहिला, जणू क्रेट त्यानंच उचलले होते.

आणि वर्षाच्या आत याकोबला नोकरी लागली. त्याच संघात, नव्या ठेकेदाराकडं. कपात पुन्हा सुरू झाली, मोजणी मात्र शून्यापासून. मी तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या मधी. सात वर्षं मला कुणी उघडलं नाही. माणसं कागद उंदरापासून जपतात, वाचत मात्र नाहीत.

यंदा याकोब अठ्ठावन्नचा झाला. त्याची बायको मरियम, तिनं मला बाहेर काढलं आणि दोघं पुन्हा श्रीमंतकडं आले. त्यानं कॉम्प्युटर बघितला, मग मला बघितलं.

"काका, सातच भरत्यात. धा लागत्यात."

"आरं, नऊ आन् सात सोळा न्हाई का?"

"ते नऊ तुमी काढून घेतले, काका."

मरियमनं विचारलं, "सोळा धरले असते तर?"

"महिन्याला सत्तावीसशेच्या आसपास. काकांच्या मागं तुमाला निम्मं."

आता सात वर्षांचे एकरकमी पैसे येतील आणि फंडाशी संबंध मिटला.

संध्याकाळी पॉल घरी आला. "परमेश्वर बघंल समदं," म्हणाला.

"भाऊजी, पैसं काय परमेश्वराच्या पगारातून कापत न्हवते," मरियम म्हणाली.

"बापापरीस पैसा मोठा का तुमाला?"

याकोबनं भावापुढं चहा ठेवला. पॉल तो कपबशी निपटून प्याला.

आता माझी शाई उडत चाललीय, घड्यांवर मी फाटलेय. याकोब एका मंगल कार्यालयाच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो, दुखऱ्या गुडघ्यांना पट्टे बांधून. तुमच्या हातात माझ्यासारखी कुणी आली तर आधी वाचा. उत्तर आपलं आपण द्या, शेजारी थोरला खाकरला तरी.

याकोबची नऊ वर्षांची नोकरी पेन्शनच्या हिशेबातून गेली, आणि मरेपर्यंतचे महिन्याचे सत्तावीसशे रुपये गेले.